कोथिंबिरीची जुडी आणि व्हिसाची रक्कम

इंग्लंडमधील स्लाउहून एका भगिनीने पत्रासोबत आपल्या खर्चाच्या वहीतील तीन महिन्यांच्या पानांची छायाचित्रे पाठवली आहेत. त्यांचे पती स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या मुदतीच्या परवान्यावर, नोकरी करतात, त्या स्वतः अर्धवेळ काम करतात, दोन्ही मुले प्राथमिक शाळेत आहेत, आणि एवढे हात आखडून राहूनही शिल्लक का पडत नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. वही अतिशय नेटकी आहे. कोथिंबिरीच्या तीन जुड्या एक पाउंड, बसचे भाडे, शाळेच्या सहलीची वर्गणी, पाच किलो तूरडाळ, सारे तारीखवार मांडलेले आहे. मात्र अठरा महिन्यांनी येणाऱ्या व्हिसाच्या मुदतवाढीसाठी त्या वहीत एकही ओळ नाही. मागच्या खेपेला ही रक्कम दिरांकडून उसनी घ्यावी लागली, हे त्यांनी पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे, आणि माझ्या मते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

ब्रिटनमधील आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाधारकांकडून घेतली जाणारी रक्कम, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पाउंड आणि मुलांसाठी ७७६ पाउंड आहे, आणि व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा अधिभार अर्जासोबत एकरकमी भरावा लागतो. दोन प्रौढ आणि दोन मुले यांचा तीन वर्षांचा हिशोब १०,८६६ पाउंडांवर जातो. अर्जाचे शुल्क त्याखेरीज. हाच पैसा पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकला असता तर दरमहा सुमारे ३०२ पाउंड लागले असते, आता अठराच महिने उरल्यामुळे ६०४ लागतील. कोथिंबीर कितीही जपून वापरली तरी हा आकडा भरून निघणार नाही. आरोग्यसेवेत नोकरी करण्याच्या व्हिसावर आलेल्यांना हा अधिभार नाही. इतरांनी मालक कंपनी तो भरते का, आणि भरत असल्यास केवळ कर्मचाऱ्याचा की कुटुंबाचाही, हे नेमणूकपत्रात नीट वाचावे आणि तिथे काही नसेल तर मुदतवाढीची बोलणी सुरू होण्याआधीच विचारावे. मागण्याचा संकोच आपल्याला फार महागात पडतो.

तुमच्या वहीनुसार पुण्यातील बँकेच्या आवर्ती ठेवीत दरमहा दोनशे पाउंड जातात. ही सवय चांगली असली, तरी इथे उसनवारी करून तिथे ठेव वाढवण्यात अर्थ नाही, म्हणून व्हिसाची रक्कम जमेपर्यंत हे पैसे इथेच स्वतंत्र बचत खात्यात वळवावेत. ते बचत खाते रोजच्या व्यवहाराच्या कार्डाला जोडलेले नसावे, आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी पैसे आपोआप त्यात जावेत अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. ज्या बचत खात्यातून पुण्याचा हप्ता कापला जातो ते तुम्ही इथे येण्यापूर्वीचेच असेल, तर भारतीय नियमांप्रमाणे ते अनिवासी साधारण खात्यात बदलून घ्यावे लागते, हेही याच निमित्ताने उरकून टाका. कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे स्थानिक पालिकेच्या घरावरील कराचे, हप्ते बहुधा दहाच असतात, त्यामुळे फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने हलके जातात. त्या दोन महिन्यांचा मोकळा पैसा दुकानात न जाता याच खात्यात जाऊ द्या.

डिसेंबरच्या तिकिटांबद्दल तुम्ही लिहिले आहे की मुलांना शाळेच्या सुट्टीआधी आठवडाभर नेले तर बरेच पैसे वाचतात. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडाली तर दंडाची नोटीस येऊ शकते: २१ दिवसांत भरल्यास प्रत्येक पालकामागे प्रत्येक मुलासाठी ८० पाउंड, म्हणजे तुमच्या घरासाठी ३२०, आणि त्यानंतर दुप्पट. बचत म्हणून हा मार्ग मला मुळीच पटत नाही.

तातडीच्या तिकिटाची गोष्ट वेगळी आहे. एका फेब्रुवारीत वडील न्हाणीघरात घसरून पडले, आणि मी दोन तासांत क्रेडिट कार्डावर तिकीट काढून निघालो. परत आल्यावर दर महिन्याला किमान रक्कम तेवढी भरत राहिलो, आणि वडील काठीशिवाय चालू लागले तरी माझे ते तिकीट फिटलेले नव्हते. आई-वडील सत्तरीला आले की मुंबईच्या एका तिकिटाइतके पैसे घरात कायम वेगळे असावेत. त्याशिवाय तीन महिन्यांच्या भाड्याची आणि किराण्याची तरतूद हवी, कारण तुमच्या व्हिसावर सरकारी साहाय्य मिळत नाही, आणि नोकरी गेली तर आधार केवळ स्वतःच्या शिलकीचाच असतो.

या साऱ्या ओढाताणीत पतींनी पेन्शन योजनेतून बाहेर पडावे का, असेही तुम्ही विचारता. तसे करू नका. नियमानुसार पगाराच्या ठरावीक भागावर किमान आठ टक्के जमा होतात आणि त्यांतील किमान तीन टक्के मालकाचे असतात, जे बाहेर पडल्यावर हातचे जातात. ‘आम्ही तर परत जाणार’ हे कारण मी अनेक घरांत ऐकतो, परंतु भारतात परतल्यानेही ते पैसे बुडत नाहीत. ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापासून काढता येतात, आणि एप्रिल २०२८ पासून ही मर्यादा सत्तावन्न होईल.

शेवटचा प्रश्न मुलीच्या हिवाळी कोटाचा. धर्मादाय दुकानातला कोट घ्यायला सासूबाईंचा विरोध आहे, कारण तो कोणीतरी वापरलेला असतो. आपल्याकडे बाळाला पहिले दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचेच असते आणि ते नव्यापेक्षा मऊ म्हणून मुद्दाम जपून ठेवलेले असते, याची त्यांना हळूच आठवण करून द्या. कोट एक माप मोठा घ्या, बाह्या आतून दुमडून टाका घाला, आणि घेण्यापूर्वी चेन वर-खाली करून पाहा, कारण अशा कोटांत बहुधा तीच आधी बिघडलेली असते.