पाण्याचा हिशेब सरासरीने होतो का?

प्रश्न : देशातील दरडोई पाणी १९५१ मध्ये ५१७७ घनमीटर होते, ते २०११ मध्ये १५४५ घनमीटरवर आले, असे वाचले. यावरून पुढच्या तीस वर्षांचा अंदाज बांधता येतो का? आमच्याकडे मे महिन्यात बोअर आटते आणि ऑगस्टमध्ये कृष्णा शिवारात शिरते. मग आमच्याकडे पाणी पुरेसे आहे असे म्हणायचे की नाही?
– एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : आपण दिलेला आकडा हा भागाकार आहे. नद्यांचे वर्षाचे सरासरी पाणी लोकसंख्येने भागले जाते आणि दोन्ही वर्षांसाठी हे पाणी १८६९ अब्ज घनमीटर एवढेच धरलेले आहे. त्यामुळे त्यात दिसणारी घट लोकसंख्या वाढल्याची आहे, पाऊस कमी झाल्याची नाही. केंद्रीय जल आयोगाने २०१९ मध्ये उपग्रहाची माहिती वापरून फेरहिशेब केला, तेव्हा हेच पाणी सुमारे १९९९ अब्ज घनमीटर निघाले. नद्यांना पाणी वाढले असे नव्हे, हिशेबाची रीत आणि आधाराची वर्षे बदलली. त्यातही अडवून वा उपसून वापरता येण्याजोगे पाणी सुमारे ११०० अब्ज घनमीटरच आहे, कारण उरलेले बरेचसे पावसाळ्याच्या थोड्या दिवसांत वाहून जाते. आपल्या शिवारात शिरणारे पाणी याच वाहून जाणाऱ्या पाण्यातले आहे.

म्हणून अंदाज बांधताना सरासरीपेक्षा भरवशाचे पाणी पाहावे लागते. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने नदीचे २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ७५ टक्के विश्वासार्हतेवर धरले, म्हणजे चार वर्षांपैकी तीन वर्षे तेवढे मिळेलच अशा हिशेबाने. कृष्णेच्याच दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये ६५ टक्के विश्वासार्हताही विचारात घेतली. त्याने वाटपाला पाणी वाढते, पण तुटीची वर्षेही वाढतात. बारमाही उसाचे नियोजन करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये, असे मला कळकळीने वाटते.

मागणीचे भाकीत तर आपण कसे वागतो यावरच उभे असते. जलसंपदेच्या विकासासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९९९ मध्ये २०५० सालची गरज ९७३ ते ११८० अब्ज घनमीटर सांगितली होती. वरचा आकडा वापरण्याजोग्या पाण्याच्याही पुढे जातो, आणि देशातले बहुतेक पाणी शेतीला लागत असल्याने गरज कोणत्या टोकाला जाईल हे पाटाने पाणी सोडायचे की ठिबकने द्यायचे, यावर मोठ्या प्रमाणात ठरेल.

भूजलासाठी वर्षाचा उपसा आणि उपशायोग्य पुनर्भरण (वर्षभरात जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापैकी उपसता येण्याजोगा भाग) यांचे प्रमाण पाहतात : ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, १०० च्या वर अतिउपसा. देशाचे प्रमाण साठच्या आसपास असले तरी त्यातून आपल्या गावाची स्थिती कळत नाही. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीच्या पावसाने त्याच जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या अथणीच्या विहिरी भरत नाहीत. चिकोडी भागात काळा पाषाण आहे, पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहते, त्यामुळे साठा थोडा असतो आणि एका पावसाळ्याचे पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच पुरते. बोअर आणखी खोल नेल्याने साठा वाढत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी ओढले जाण्याची शक्यता अधिक.

आपण विहिरीची पाणीपातळी दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये दोरीने मोजून वहीत लिहावी, शेजारी पाऊसही लिहावा. पाऊस चांगला झालेल्या वर्षांतही मे महिन्याची पातळी खाली खाली जात असेल, तर उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे, आणि ऊस किती एकर ठेवायचा याचा विचार त्याच वर्षी करावा.