रोमन भिंतीवरचा लाल रंग कोणता?

प्रश्न : तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं पाहिल्यापासून विचारायचं होतं. रोमन चित्रांतला लाल रंग न खरवडता कसा ओळखतात? (विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, बडोदे)

उत्तर : हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणारं) भिंतीच्या अगदी जवळ न्यायचं. पारा दिसला तर हिंगूळ, शिसं दिसलं तर बहुधा शेंदूर, नुसतं लोह असेल तर गेरू. मात्र हे किरण रंगाखालच्या गिलाव्यातही शिरतात, आणि लोह तिथंही असतं. नवशिके नेमके इथंच फसतात. म्हणून आधी शेजारच्या कोऱ्या गिलाव्याचं मापन घ्याच. पाँपेई या रोमन शहरात आणखी एक मेख आहे : इ.स. ७९च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या उष्णतेनं काही ठिकाणी पिवळी माती भाजून लाल झाली. यंत्राला दोन्हींत लोहच दिसतं! निळ्याचं सोपं. अंधारात लाल प्रकाश टाकून इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून पाहा. इजिप्शियन निळा हा प्राचीन रंग कणभर उरला असला तरी पांढराशुभ्र चमकतो.