कोऱ्या कागदावर सही घेतली, आता पुन्हा बोलावलंय

प्रश्न : माझा १६ वर्षांचा मुलगा मित्रांसोबत मैदानाच्या कट्ट्यावर बसला होता. जवळच मारामारी झाली होती म्हणून पोलिसांनी या सगळ्यांनाच चौकीत नेलं आणि कोऱ्या कागदावर सही घेऊन सोडलं. आता रविवारी त्याला ‘एकट्यालाच पाठवा’ म्हणतात. त्याला काय शिकवून पाठवू?

उत्तर : ताई, एकट्याला मुळीच पाठवू नका. १८ वर्षांखालच्या मुलाची विचारपूस सुरू असताना आईवडिलांना हजर राहता येतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि त्याखालचे नियम स्पष्ट आहेत : अशा मुलाला बेडी घालायची नाही, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कुठल्याही जबाबावर त्याची सही मागायची नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याच्यासमोरच बोलू, असं सांगा आणि बोलावणं लेखी मागा.

सहीचं प्रकरण रविवारपर्यंत लांबवू नका. वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज करा, त्यात तारीख, वेळ आणि कागद कोरा होता हे लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही. पण कोऱ्या कागदावर नंतर काहीही लिहिता येतं, म्हणून हा अर्ज हवाच.

आता मुलाला काय शिकवायचं. पळायचं नाही, हुज्जत घालायची नाही, अंगाला हात लावला तरी झटापट करायची नाही. नाव आणि वय खरंच सांगायचं. “साहेब, मी सोळा वर्षांचा आहे, आईला फोन करू द्या,” हे वाक्य त्याच्याकडून घरी मोठ्याने म्हणून घ्या. भीतीने तोंड कोरडं पडतं तेव्हा पाठ असलेलंच बाहेर येतं. तुमचा नंबरही पाठ हवा, कारण त्याचा मोबाइल काढून घेतलेला असू शकतो. कलमं त्याने ऐकवू नयेत. ते काम तुमचं आणि वकिलाचं. पोलीस चुकत असले तरी त्या घडीला त्याने सुखरूप राहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वयावर मी इतका भर देतो त्याला कारण आहे. मिसरूड फुटलेला उंच मुलगा सज्ञान समजला गेला की या कायद्याचं संरक्षण तिथल्या तिथे हातचं जातं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला सोबत न्या. वयाचा वाद झालाच तर तो आणि दहावीचं प्रमाणपत्र आधी पाहिलं जातं.

त्याला ताब्यात घेतलंच, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. मुलांना ही मदत मोफत आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.