जुन्या नाटकांतील दुय्यम पात्रे ओळखण्याचा खेळ घ्यायचा असेल, तर कोडी कशी रचावीत?

आपण लिहिले आहे की, आपल्या गावच्या वाचनालयात जुन्या नाटकांतील लहान पात्रे ओळखण्याचा खेळ घ्यायचा आहे. परंतु ‘मी कोण?’ अशी चार-पाच कोडी घालून पाहिली, तेव्हा काही कोडी पहिल्याच क्षणी सुटली आणि उरलेली कोणालाच सुटली नाहीत. पात्रे कशी निवडावीत आणि कोडे कसे रचावे, असा आपला प्रश्न आहे. आम्ही अंबाजोगाईत शेजारची सहा-सात घरे मिळून कोजागिरीच्या रात्री गच्चीवर हाच खेळ बऱ्याच वर्षांपासून खेळत आलो आहोत. कोडी रचण्याचे काम सुरुवातीपासून माझ्याकडे आहे आणि आपल्याला आलेली अडचण पहिली दोन वर्षे मलाही आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अडचणीचे मूळ असे आहे की, आपण पात्राची ओळख नात्याने देतो. ‘मी कांचनभटाची बायको आणि शारदेची आई’ असे म्हटले, की ज्याने ‘संगीत शारदा’ वाचले आहे तो लगेच ‘इंदिराकाकू’ म्हणतो आणि ज्याने वाचलेले नाही तो गप्प बसतो. मध्ये विचार करायला जागाच राहत नाही. आमच्याकडे जुन्या बायका कोड्याला उखाणा म्हणतात, आणि त्या उखाण्यांची रीत पाहिली तर त्यात वस्तूचे नातेगोते कधी सांगितलेले नसते, ती काय करते ते सांगितलेले असते. नाटकातल्या पात्राचेही तसेच करावे. त्याच्यामुळे नाटकात काय घडले, त्याच्या हातात काय होते, तो कुठे अडला, एवढेच सांगावे. मग ज्याने नाटक वाचलेले नाही, पण गोष्ट कधीतरी कानावरून गेली आहे, त्यालाही उत्तरापर्यंत पोहोचता येते.

मराठवाड्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. चांगले व्यावसायिक नाटक पाहायचे तर आम्हाला लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि जुनी संगीत नाटके तर आमच्यापैकी बहुतेकांनी रंगमंचावर पाहिलेलीच नाहीत. कोणी पाठ्यपुस्तकात एखादा प्रवेश वाचलेला असतो, कोणी रेडिओवर नभोनाट्य ऐकलेले असते, कोणी गणेशोत्सवात हौशी मंडळींनी बसवलेला एखादा अंक पाहिलेला असतो. अशा तुटक ओळखीवर चालेल असे कोडे रचणे, हे या खेळातले खरे काम आहे.

पात्रे निवडताना मी पहिल्यांदा ‘मृच्छकटिका’कडे वळते. शूद्रकाचे हे मूळ संस्कृत नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी संगीत नाटक म्हणून मराठीत आणले, आणि लहान पात्रांच्या बाबतीत इतके श्रीमंत दुसरे नाटक मला माहीत नाही. यातला प्रत्येक गाडीवान, चोर, जुगारी आणि शिपाई काहीतरी असे करतो की पुढची गोष्ट त्यावर फिरते. शर्विलक हा चोर नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घराला भोक पाडताना माप घ्यायची दोरी घरी विसरतो आणि गळ्यातल्या जानव्याने माप घेतो. नायिका वसंतसेना ही गणिका, तिचा सेवक कर्णपूरक पिसाळलेल्या हत्तीच्या तावडीतून एका भिक्षूला सोडवतो, आणि गरीब चारुदत्त बक्षीस म्हणून त्याच्या अंगावर आपले जाईच्या वासाचे उपरणे टाकतो. एवढ्यावरच दोन कोडी तयार झाली.

या नाटकातले माझे सर्वांत आवडते कोडे मात्र वर्धमानकाचे आहे. हा चारुदत्ताचा गाडीवान. वसंतसेनेला बागेत न्यायचे म्हणून तो गाडी दाराशी आणतो आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात येते की, गाडीत अंथरायची गादी घरीच राहिली. बैल वेसणीने बिथरलेले आहेत, त्यांना सोडून जाता येत नाही, म्हणून तो गाडीसकट परत जातो. तेवढ्या वेळात वसंतसेनेच्या मागे लागलेला राजाचा मेहुणा शकार, त्याचा गाडीवान स्थावरक तिथे येतो. रस्त्यात गावच्या गाड्यांची गर्दी झालेली असते. कोणाचे तरी चाक अडकलेले असते, त्याला हात द्यायला तो खाली उतरतो. वसंतसेना बाहेर येते आणि उभी असलेली गाडी आपलीच समजून तीत बसते. तिच्यावर पुढे जे संकट येते, चारुदत्त ज्या आरोपाने सुळापर्यंत जातो, त्या सगळ्याच्या बुडाशी एक विसरलेली गादी आणि एक अडकलेले चाक आहे. दोन्ही गाडीवानांच्या मनात वाईट काही नाही. एकाला मालकाच्या पाहुणीची काळजी आहे आणि दुसरा वाटेतल्या अनोळखी माणसाला मदत करतो आहे.

हे कोडे मी पहिल्यांदा घातले ती रात्र मला स्पष्ट आठवते. दुधाचे पातेले उतरवून झाले होते आणि चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा मुलांच्या हातात फिरत होता. मी वाचले, ‘मी माघारी गेलो नसतो, तर कोणीच मरणाच्या दारात गेले नसते.’ महाविद्यालयात मराठी शिकणाऱ्या मुली आठवत राहिल्या, पण कोणाला काही सुचेना. दुसरा धागा दिला, ‘जनावरे बिथरली होती, म्हणून एकट्याने जाता आले नाही.’ तेव्हा कठड्याला टेकून बसलेले आमचे शेजारी, जे एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले आहेत, हळूच म्हणाले, ‘बाई, तो गाडीवान हाय. गादी ऱ्हायली म्हणून गाडी माघारी नेली त्यानं. नाव न्हाई सांगता येणार मला.’ त्यांनी नाटक वाचलेले नव्हते, फार वर्षांपूर्वी रेडिओवर ऐकले होते, आणि त्यातला गाडीवानच तेवढा त्यांच्या लक्षात राहिला होता. मी त्यांना पूर्ण गुण दिले आणि त्या दिवसापासून आमच्याकडे नियमच झाला की, नाव आठवले नाही तरी पात्राचे काम अचूक सांगितले, तर उत्तर बरोबर धरायचे. आपणही हा नियम ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. नावे पाठ असणारी माणसे थोडी असतात. गोष्ट लक्षात ठेवणारी पुष्कळ असतात.

धागे किती द्यावेत, याबद्दल माझा अनुभव असा की चार पुरतात. पहिला धागा सर्वांत अवघड आणि शेवटचा सर्वांत सोपा ठेवावा, आणि गुण 4, 3, 2, 1 असे उतरते ठेवावेत. एक नमुना देते.

‘मी उलट्या पावलांनी देवळात शिरलो.’
‘देव नसलेल्या त्या देवळात मी देव होऊन उभा राहिलो, पण फाशांचा आवाज कानी पडला आणि मला राहवले नाही.’
‘माझे दहा सुवर्णमुद्रांचे देणे एका गणिकेने फेडले.’
‘पुढे मी भिक्षू झालो आणि त्याच गणिकेला मरणाच्या दारातून परत आणले.’

हा संवाहक. जुगारात हरल्यावर पाठलाग चुकवण्यासाठी तो पाठमोरा चालत रिकाम्या देवळात जातो, म्हणजे पावलांचे ठसे बाहेर पडल्यासारखे दिसावेत. पहिला धागा ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहते, पण नाव येत नाही. आणि चौथ्या धाग्यापर्यंत दुसऱ्या अंकातला जुगारी आणि आठव्या अंकातला भिक्षू एकच आहे, हे ज्यांच्या कधी लक्षात आले नव्हते त्यांच्याही लक्षात येते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे ती आपल्याकडे होणार नाही. ‘शाकुंतला’वर मी असे कोडे घातले होते की, ‘मी रंगमंचावर येत नाही, पडद्याआडून फक्त माझा आवाज येतो, आणि माझ्यामुळे राजाच्या आठवणीचा प्रश्न उभा राहतो.’ माझ्या मनात दुर्वास होते, कारण त्यांचा शाप आपण केवळ ऐकतो. परंतु एका गटाने हंसपदिका असे उत्तर दिले. पाचव्या अंकाच्या आरंभी ती आत गात असते. आंब्याच्या मोहोराला विसरलेल्या भुंग्याचे ते गाणे ऐकून दुष्यंत कारण न कळता अस्वस्थ होतो. दोन्ही उत्तरे माझ्या शब्दांना धरून होती. मी दुर्वासांनाच गुण दिले, त्यावरून वाद झाला, आणि विचार केल्यावर मला मान्य करावे लागले की अन्याय माझ्याकडून झाला होता. तेव्हापासून कोडे लिहून झाले की त्याच नाटकातले दुसरे कोणी त्यात बसते का, हे मी एकदा तपासते, आणि चिठ्ठीच्या मागे अंक लिहून ठेवते.

हंसपदिकेचे पात्र मात्र या वादामुळे मला नव्याने दिसले. तिची समजूत काढायला राजा विदूषकाला आत पाठवतो, म्हणून शकुंतला दरबारात येते तेव्हा विदूषक तिथे नसतो. आणि शकुंतलेविषयी राजाच्या तोंडून पूर्वी ज्याने ऐकले होते, असा तिथला माणूस तोच होता. आता मी कोडे असे घालते, ‘मी रुसले नसते, तर ओळखीची आठवण करून देऊ शकणारा एक माणूस दरबारात हजर असता.’

नावांवरून कोडी घालणे मी टाळते, परंतु एका नाटकाचा अपवाद करते, विशेषतः मुले खेळत असतील तेव्हा. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त पुरुषांची नावे महिन्यांवरून आणि बायकांची नक्षत्रांवरून ठेवलेली आहेत. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ आणि नोकर भादव्या एका बाजूला. कृत्तिका, रेवती आणि मघा दुसऱ्या बाजूला. ‘माझ्या महिन्यात गणपती बसतात आणि मी फाल्गुनरावांकडे चाकरी करतो’ असे म्हटले की सहावीतले मूलही भादव्यापर्यंत येते. कोजागिरी अश्विनातली असल्याने अश्विनशेठचे कोडे तर त्या रात्री फारच शोभून दिसते.

गडकऱ्यांच्या नाटकांत दुय्यम पात्रे इतकी बोलकी आहेत की त्यांची कोडी लवकर सुटतात. ‘प्रेमसंन्यासा’तल्या विसराळू गोकुळाचे साक्षीचे प्रकरण सर्वांना ठाऊक असते. ‘भावबंधना’तला कामण्णा रंगवणारे नट तर पुढे दिनकर कामण्णा याच नावाने ओळखले गेले. ‘एकच प्याला’ घ्यायचे असेल, तर तळीराम सोडून दारू पिणाऱ्यांच्या आर्यमदिरामंडळातले शास्त्री आणि खुदाबक्ष घ्यावेत. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधला बूटपॉलिश करणारा राजा नव्या प्रेक्षकांना जवळचा वाटतो.

परदेशी नाटके आमच्याकडे दोनच चालली. ‘हॅम्लेट’ची सुरुवात पहाऱ्याच्या बदलाने होते, आणि ‘कोण आहे?’ हा प्रश्न पहाऱ्यावर असलेला फ्रान्सिस्को विचारत नाही, तर त्याच्या जागी येणारा बर्नार्डो विचारतो. हा उलटा क्रम कोड्याला उत्तम आहे. सॉफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’मधला म्हातारा मेंढपाळ दुसरा. टाकून द्यायला दिलेले मूल त्याने दयेपोटी जगवले, आणि त्या मुलाच्या हातून बापाचा खून झाला तेव्हा जिवंत राहिलेला एकमेव साक्षीदारही तोच होता. हे एकच कोडे आमच्याकडे अर्धा तास चालले होते.

एक सावधगिरी बाळगावी. ऐकीव माहिती कोड्यात घालू नये. ‘शारदा’ नाटकावरून बालविवाहाच्या कायद्याला शारदा कायदा म्हणतात, असे पुष्कळांना वाटते आणि ते कोड्यातही येते. परंतु नाटक 1899 चे आहे आणि 1929 च्या त्या कायद्याला नाव मिळाले ते हरबिलास सारडा यांच्यावरून. त्याचप्रमाणे रूपांतरांत पात्रे गाळलेली किंवा नावे बदललेली असतात, म्हणून मूळ नाटक धरले आहे की मराठी प्रयोग, हे आधीच जाहीर करावे.

एका बैठकीला बारा कोडी पुरेशी होतात. त्याहून जास्त घेतली तर लोक विचार करायचे सोडून अंदाज फेकू लागतात. शेवटचे कोडे मी दरवर्षी एकच ठेवते आणि ते आपल्यालाही देते. चारुदत्ताच्या घरी एक दासी आहे. पहिल्या अंकात अंधारात शकार तिला वसंतसेना समजून केसांना धरतो. पुढे शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा लहान रोहसेन हट्ट धरतो, तेव्हा ती त्याला मातीची गाडी करून देते. मुलाचे रडणे थांबावे म्हणून वसंतसेना त्या गाडीत आपले दागिने घालते, आणि तेच दागिने न्यायालयात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून खाली पडून चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. ‘नाटकाला नाव मिळाले ती वस्तू माझ्या हातची’ एवढा एकच धागा द्यावा, दुसरा देऊ नये, आणि उत्तराची घाई करू नये. चिठ्ठीच्या मागे लिहावे, रदनिका, अंक सहावा.