वाचक विचारतात : ट्रायक्लोरोने धुतलेले पार्ट पावसाळ्यात का गंजतात?

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचे वर्कशॉप आहे. मच्छीमार बोटींच्या इंजिनाचे पार्ट ट्रायक्लोरोइथिलीन (ट्रायक्लोरो) या ग्रीस काढणाऱ्या द्रवाच्या गरम टाकीत धुतो. पावसाळ्यात टाकीचा वास नाकाला झोंबतो आणि पार्ट एका रात्रीत गंजतात. कॉस्टिक सोडा टाकून आम्ल मारले तर चालेल का? तळाचा गाळ कुठे टाकावा?

उत्तर : कॉस्टिक अजिबात टाकू नका. त्यातून डायक्लोरोॲसिटिलीन हा विषारी वायू तयार होतो. तो हवेत आपोआप पेटतो, स्फोटही होतो.

गंजाचे पहिले कारण मीठ. ट्रायक्लोरो तेल-ग्रीस काढतो, मीठ त्यात विरघळत नाही. त्यामुळे पार्ट चकचकीत दिसला तरी खार तसाच राहतो. आधी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मगच टाकीत सोडा. बाहेर काढल्यावर लगेच तेलाचा हात फिरवा.

दुसरे कारण पाणी. दमट हवेतले पाणी कूलिंग कॉइलवर जमून टाकीत उतरते. ट्रायक्लोरो ८७ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी मिसळले की मिश्रण ७३ लाच उकळू लागते. पाणी आणि उष्णतेने स्टॅबिलायझर (ट्रायक्लोरोचे विघटन रोखणारे मिश्रण) संपतो, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते; झोंबतो तो त्याचाच वास. ट्रायक्लोरो पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड असल्याने पाणी वर तरंगते. वॉटर सेपरेटरमधून ते रोज काढा. थोडा द्रव तेवढ्याच पाण्यात हलवून वरच्या पाण्याला पीएच पट्टी लावा. आम्ल दिसले तर हीटर बंद करून टाकीतला ट्रायक्लोरो बदला. ॲल्युमिनियमचा कीस टाकीत साचू देऊ नका. आम्लाशी गाठ पडली की प्रक्रिया आवरत नाही.

जवळपास वेल्डिंग नको, तिथे ट्रायक्लोरोच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो. वाफ हवेच्या साडेचार पट जड, खड्ड्यात आणि टाकीच्या तळाशी साचते. गाळ काढायला टाकीत डोके घालणाऱ्या माणसाची शुद्ध तिथेच हरपते. कापडी मास्क निरुपयोगी. हातमोजे व्हायटॉन या खास रबराचे घ्या. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) प्लास्टिकचे पाण्याने खराब होतात. ट्रायक्लोरोमुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, म्हणून पर्यायी क्लीनरचा विचार आत्ताच करा.

गाळ परसात ओतू नका. जांभा सच्छिद्र; द्रव भूजलाच्याही खाली उतरतो आणि विहीर वर्षानुवर्षे नासते. झाकणबंद पिंपात, लेबल लावून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्याच्या वाहतूकदारामार्फत घातक कचरा केंद्राकडे पाठवा.