शेती गावात, कारखाने शहरात : हा तक्ता खान्देशात किती टिकतो?

शिरपूरहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सदस्याने विचारले आहे की, प्राथमिक व्यवसाय ग्रामीण भागात, द्वितीयक औद्योगिक शहरांत, तृतीयक मोठ्या शहरांत आणि चतुर्थक महानगरांत असा जो तक्ता अभ्यासाच्या पुस्तकांत असतो, तो पाठ केला तर पुरेल का, आणि खान्देशातली उदाहरणे द्यायची झाल्यास कोणती द्यावीत. कापसाच्या आणि केळीच्या व्यवहारात आयुष्य गेलेले असल्यामुळे मी थोडे सविस्तर लिहितो.

तक्ता चुकीचा नाही, पण तो फक्त परिणाम सांगतो. अमुक व्यवसाय अमुक ठिकाणीच का बसला हे त्यातून कळत नाही, आणि परीक्षेत गुण मिळतात ते या 'का'ला. माझ्या मते प्रत्येक व्यवसायाला एकच प्रश्न विचारावा : यातली कोणती गोष्ट हलवता येत नाही, किंवा हलवायला सर्वांत महाग पडते? व्यवसाय त्या गोष्टीच्या आसऱ्याला जातो, मग ते गाव असो, तालुक्याचे ठिकाण असो किंवा बंगळुरू असो.

वर्गीकरणाबद्दल थोडक्यात. तीन क्षेत्रांची ही मांडणी फिशर (१९३५) आणि कॉलिन क्लार्क (१९४०) या अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाते. ज्ञान, संशोधन आणि माहिती यांचा चतुर्थक गट आणि वरच्या निर्णयकर्त्यांचा पंचम गट नंतर जोडले गेले. आपल्याकडच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात शेती, वने, मासेमारी आणि खाणकाम प्राथमिकमध्ये, तर कारखानदारी, वीज, पाणीपुरवठा आणि बांधकाम द्वितीयकमध्ये धरतात. मात्र 'कृषी, उद्योग, सेवा' अशी विभागणी दिलेली असेल, तर खाणकाम उद्योगात जाते. वस्तुनिष्ठ प्रश्नात नेमके इथेच अडकायला होते.

आता प्राथमिक व्यवसाय. इथे जमीन आणि पाणी हलत नाही, हे उघड आहे. रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांत सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्यामधली खोल गाळाची जमीन आणि विहिरी-कूपनलिकांचे पाणी यांवर केळीची मृगबाग आणि कांदेबाग, म्हणजे दोन हंगामांतली लागवड, उभी राहते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु केवळ जमिनीने हे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही. तापीकाठची तशीच काळी जमीन खाली शहाद्याकडेही आहे, आणि तरी केळीचा मुख्य पट्टा जुन्या काळापासून रावेर-सावदा भागातच घट्ट बसला. भुसावळहून खंडव्याकडे जाणारा लोहमार्ग सावदा, निंभोरा, रावेर असा या पट्ट्यातूनच जातो, आणि केळीचे मोठे गिऱ्हाईक उत्तर भारतात आहे. फॉन थ्यूनेन या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८२६ मध्ये मांडले होते की नाशवंत माल शहराच्या अगदी जवळच्या वर्तुळात पिकतो. केळीसारखे नाजूक फळ हजार किलोमीटरहून लांब असलेल्या दिल्लीसाठी इथे पिकते, ते रेल्वेने ते वर्तुळ ताणले म्हणून. म्हणजे प्राथमिक व्यवसायाची जागासुद्धा काही अंशी वाहतुकीने, अर्थात तृतीयक व्यवसायाने ठरवली.

त्यातही एक बारकावा आहे. घड हिरवाच कापतात, हिरवाच पाठवतात आणि पिकवण्याच्या खोल्या असतात त्या बहुतेक गिऱ्हाइकाच्या गावी, कारण कच्चे केळ प्रवास सोसते, पिकलेले सोसत नाही. केळीवरचा शेवटचा संस्कार त्यामुळे रावेरला न होता दिल्ली-कानपूरकडे होतो, आणि त्याबरोबर भावातला एक मोठा वाटाही तिकडेच राहतो. केळी आमची आणि नफा दुसऱ्याचा, ही तक्रार बांधावर नेहमी ऐकू येते. तिच्यात व्यापाऱ्याच्या लबाडीइतकाच फळाच्या स्वभावाचाही हात आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

द्वितीयक व्यवसायात निर्णायक ठरते ते वजन. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थतज्ज्ञाने १९०९ मध्ये सांगितलेला नियम साधा आहे : प्रक्रियेत ज्याचे वजन फार घटते, तो माल उगमापाशीच प्रक्रियेला बसतो, ज्याचे घटत नाही, तो कुठेही नेता येतो. खान्देशात याचे सर्वांत चांगले उदाहरण कापूस आहे. शंभर किलो कापूस जिनिंगला, म्हणजे रुई आणि बी वेगळे करायला, घातला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी, म्हणजे कापसाचे बी. सरकीचे वजन उगाच लांब न्यायला कोणी तयार नसते, म्हणून जिनिंग कापसाच्या गावांच्या आसपास, तालुक्याच्या बाजाराला लागून असतात. सरकीचे तेल आणि ढेपही तिथेच निघते, कारण ढेपेचे गिऱ्हाईक म्हणजे दुभती जनावरे तिथेच असतात. पण दाबून बांधलेल्या १७० किलोच्या गाठीत वजन घटण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून ती गाठ एके काळी मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली आणि आज गुजरातच्या किंवा दक्षिणेतल्या सूतगिरण्यांकडे सुखाने जाते. एकाच पिकावरचे दोन द्वितीयक व्यवसाय, पण एक शेताला बांधलेला आणि दुसरा मोकळा. अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली तेव्हा कापूस दारात होता, हे खरे. परंतु सूत आणि कापड यांना कापसाशेजारीच राहण्याची सक्ती नव्हती, आणि जे सक्तीने बांधलेले नाही ते टिकवायला भांडवल, यंत्रे आणि बाजार या बाबतीत सतत स्पर्धेत राहावे लागते.

उसाचेही असेच, किंबहुना अधिक कडक. शंभर टन उसातून साखर निघते दहा-अकरा टन, आणि तोडल्यानंतर जितका उशीर तितका उतारा, म्हणजे साखरेचे प्रमाण, घसरतो. फैजपूर आणि शहादा भागांतले कारखाने उसाच्या पट्ट्यातच उभारले गेले, याचे कारण तेच.

द्वितीयक म्हटले की चिमणी आणि भोंगा डोळ्यांसमोर येतो, आणि तक्त्यातला 'औद्योगिक शहरे' हा शब्द ती समजूत पक्की करतो. प्रत्यक्षात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे कैरी सोलून, कापून, वाळवून आमचूर करतात, तो पूर्ण अर्थाने द्वितीयक व्यवसाय आहे. ओल्या कैरीचे बहुतेक वजन पाणी असते. डोंगरातून ते पाणी वाहून आणण्यापेक्षा अंगणातच वाळवलेले बरे, हा हिशेब त्या घरातल्या बाईला वेबर न वाचता कळतो. नंदुरबारला ओली लाल मिरची बाजार समितीत येते आणि शहरालगतच्या पथारींवर पसरून वाळवली जाते, तिथेही पाणी उडवून टाकायचे आहे. फरक इतकाच की मोकळी जागा, मजूर आणि व्यापारी एकत्र मिळतात म्हणून हे काम शेतात न होता बाजाराला लागून होते.

जळगावच्या डाळ मिलचे उदाहरण नियमाला थोडे वळण देते. तुरीची डाळ करताना साधारण चौथा हिस्सा टरफल-चुणीत जातो, म्हणजे घट आहे, पण उसासारखी नाही. सुरुवातीला आजूबाजूची कडधान्ये आणि रेल्वे यांमुळे मिल इथे बसल्या. पुढे बाहेरचा, अगदी परदेशी मालही इथे येऊ लागला, तरी मिल उठून बंदराकडे गेल्या नाहीत. यंत्र दुरुस्त करणारा, प्रत हातात घेऊन ओळखणारा, उधारी सांभाळणारा अडत्या आणि बारदान पुरवणारा असा सगळा गोतावळा एकदा जमला की तोच न हलणारी गोष्ट होऊन बसतो. पुस्तकात याला औद्योगिक जडत्व म्हणतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्लास्टिक चटईचेही तसेच आहे : तिचा दाणा काही गिरणेच्या काठी पिकत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र नियम कसाला लागतो. कोळशाचे वजन विजेत उतरतच नाही, म्हणून वीज केंद्र खाणीजवळ असावे. तरीही भुसावळजवळचे दीपनगर खाणींपासून शेकडो किलोमीटरवर आहे. त्या केंद्राला तापीचे पाणी आणि विदर्भाकडून थेट येणारा लोहमार्ग मिळाला. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या याच्या अगदी उलट टोकाला आहेत. वर्गीकरणात त्या द्वितीयक, पण वारा हलवता येत नसल्याने जागेच्या बाबतीत वागतात शेतीसारख्या. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी हा आणखी वेगळा प्रकार आहे. तिथे बाजाराचा हिशेब गौण असून शासनाचा निर्णय मुख्य असतो.

तृतीयक व्यवसायाला गिऱ्हाईक लागते. क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये दाखवले की जी सेवा रोज लागते ती प्रत्येक गावात असते आणि जी क्वचित लागते ती मोठ्या क्षेत्रासाठी एखाद्याच ठिकाणी एकवटते. किराणा गावात, खत-बियाण्याचे दुकान बाजाराच्या गावी, आणि लग्नाचे सोने घ्यायला मात्र दोन तालुके ओलांडून जळगावच्या सराफ्यात, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वाहतुकीची सेवा मात्र गिऱ्हाइकाच्या मागे न जाता कधी कधी शहरच निर्माण करते. नागपूरकडे आणि खंडव्याकडे फुटणाऱ्या मार्गांमुळे भुसावळ वाढले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, म्हणून तिथला ट्रकांचा आणि गॅरेजांचा धंदा.

चतुर्थक व्यवसायासाठी तुम्हाला अमळनेरइतके बोलके उदाहरण देशात क्वचित मिळेल. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तेलाची जी कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. तेलाच्या कारखान्याला खान्देशातली भुईमुगाची शेंग जवळ हवी होती, म्हणून अमळनेर. १९८० च्या सुमारास कंपनी संगणकाकडे वळली, आणि त्या कामाला शेंग नको होती, अभियंते हवे होते. ते काम बंगळुरूत वाढले. एकच कंपनी, पण स्तर बदलताच जागा बदलली.

मात्र यावरून चतुर्थक म्हणजे महानगरच, असे लिहू नका. जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, ऊतीसंवर्धित रोपे तयार करणाऱ्या आणि ठिबक सिंचनावर काम करणाऱ्या जैन समूहाच्या प्रयोगशाळा आहेत. हे संशोधन जळगावात आहे, कारण त्याची परीक्षा बागेतच होते आणि बाग मुंबईला नेता येत नाही. पंचम गटाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही; निर्णय घेणारे लोक सत्ता आणि पैसा असतो तिथे, म्हणजे आपल्यापुरते मुंबईत आणि दिल्लीत बसतात.

तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट उत्तरात जरूर लिहा. देशातले सुमारे ४५ टक्के कामकरी लोक शेतीत आहेत आणि उत्पन्नातला शेतीचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे १८ टक्के आहे. जागा हलत नाही, व्यवसाय हलत नाही, तेव्हा माणसाला हलावे लागते : नंदुरबार जिल्ह्यातली कुटुंबे हंगामात दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात, ती प्राथमिक व्यवसाय सोडून नव्हे, तर दुसऱ्याच्या प्राथमिक व्यवसायात.

दहा गुणांचा प्रश्न असेल तर एकच पीक घ्या आणि ते सर्व स्तरांतून न्या. कापूस घेतलात तर शेत, जिनिंग, बाजार समिती आणि वायदेबाजार. केळी घेतलीत तर ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेपासून सुरुवात करा, कारण तिथे चतुर्थक व्यवसाय प्राथमिकच्या आधी येतो आणि तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. प्रत्येक टप्प्यापुढे ठिकाणाचे नाव आणि न हलणारी गोष्ट, एवढे लिहिले की तक्त्याची गरज उरत नाही.