पगार वाढतोय, पण तासाचा भाव?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे, आठ तास ड्युटी, महिन्याला 26 दिवस, घरून अर्ध्या तासावर. पगार वीस तारखेलाच संपतो. आता एका एजन्सीने दुसरं काम दाखवलंय, पगार पंचवीस टक्के जास्त, पण ड्युटी दहा तास आणि जायला दीड, यायला दीड तास. वर रजिस्ट्रेशनचे पैसे आधी भरा म्हणतायत. घरचे म्हणतात हातची संधी घालवू नकोस. काय करू?

उत्तर: आधी ते रजिस्ट्रेशनचे पैसे, ते अजिबात भरू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या करारातच आहे की काही अपवाद सोडले तर एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही, आणि जो कामाआधीच पैसे मागतो तो नंतर फोन उचलेल याची काय खात्री?

आता पगाराचं. आठाचे दहा तास म्हणजे कामही पंचवीस टक्केच वाढलं ना, मग पगार वाढला कुठे, तासाचा भाव तोच राहिला! जास्तीच्या तासांना किमान सव्वापट दर हवा हे 1919 च्या पहिल्याच कामगार करारात आलं होतं, ते धरलं तरी वाढ 31 टक्के व्हायला पाहिजे. आणि प्रवास धरा, आत्ता दिवसाचे नऊ तास जातात, तिथे तेरा जातील, महिन्याचे 234 चे 338. घराबाहेरच्या प्रत्येक तासाला तुम्हाला आत्तापेक्षा साधारण 13 टक्के कमी मिळणार, भाडं वेगळंच.

मी स्वतः असंच एक काम मोठा आकडा बघून घेतलं होतं, ओव्हरटाइम तोंडी ठरलेला, स्लिपवर तो रकानाच नव्हता, चार महिन्यांनी सोडलं तेव्हा हातात काही नाही. म्हणून हातात किती येणार, ओव्हरटाइमचा दर काय, पगार कुठल्या तारखेला, एवढं कागदावर घ्या, मगच हो म्हणा.

वीस तारखेचं म्हणाल तर पगार झाला त्याच दिवशी भाडं, बिलं, हप्ते बाजूला काढा आणि उरलेल्याचे चार भाग करून चार पाकिटांत ठेवा, आठवड्याला एकच उघडायचं. पहिला महिना जड जातो, खरंच जड जातो. तोवर चालू नोकरी सोडू नका, आत्ताच्या सुपरवायझरला ओव्हरटाइम विचारून बघा, आणि जवळपास दुसरं काही आहे का ते आधीच्या सहकाऱ्यांना विचारा, खात्रीची कामं बरेचदा तिथूनच कळतात.